आत्याचा आवाज

८ फेब्रुवारी

चिरंजीव,

असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. सांगतेय मी, लिहितेय तुझी मुलगी, मुंगी. आशीर्वाद कुठं घालायचे ते तिनंच ठरवावं, मला पत्रातलं काय कळतं.

तुझा फोन लागत नाही. मागे तू मला स्वेटर पाठवलास त्या खोक्यावर तू कामाला आहेस त्या गोदामाचा पत्ता होता, तो मुंगीनं कापून ठेवला होता. त्या पत्त्यावर हे येतंय. स्वेटर बाह्यांना आखूड आहे. तू गेलास तेव्हा माझे हात एवढेच होते, ते काही आता वाढलेले नाहीत.

तर विषय असा. मुंगी ज्यांच्याकडे काचा घासते ते चष्मेवाले आता थकले. त्यांच्याच डोळ्यांत मोतीबिंदू आहे आणि गिऱ्हाइकाला विचारतात, खालची ओळ दिसते का. त्यांना मूलबाळ नाही. एक पुतण्या आहे, तो दुकानात येऊन नुसता आरशात बघतो. ते मुंगीला म्हणाले, पोरी, दुकान तूच घे. बँकेकडून कर्ज काढ, मला एकरकमी दे, मी गावाला जाऊन झोपतो. मुंगीनं घरी येऊन मला हे उभ्या उभ्याच सांगितलं. बसायचं सुचलंच नाही तिला. पाटीवर रंग कुठला द्यायचा इथपर्यंत गेली होती.

मग बँकेत गेली. तिथल्या बाईनं हिचं नाव घातलं, पडद्याकडे बघितलं, मग हिच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, तुमची पत लाल आहे. तुम्ही आधीची तीन कर्जं बुडवलीत. मुंगी म्हणाली, मी आयुष्यात कर्ज काढलेलं नाही. बाई म्हणाली, एक मोटारसायकलचं आहे. आता मुंगीला सायकलसुद्धा येत नाही हे तुझ्याइतकं कुणाला माहीत. तूच शिकवायला घेतलीस आणि बापलेक दोघंही गटारात. दुसरं कर्ज घरसामानाचं. तिसरं असंच, कशासाठी ते लिहिलेलंच नाही. तिन्हींवर तिचं ओळखपत्र, तिचा फोटो, तिची सही. फोन नंबर मात्र तुझा.

तो तुझाच असणार. या घरातल्या प्रत्येक कागदावर तुझाच नंबर आहे. झेरॉक्सचं दुकान होतं तुझं, अख्ख्या गल्लीचे फॉर्म भरायचास, मग घरचे दुसरं कोण भरणार. तू म्हणायचास, बायकांच्या डोक्याला कशाला ताप, निरोप माझ्याकडे येऊ देत. आम्हाला त्यात माया दिसली. हप्ते थकल्यावर बँक ओरडत होती ती तुझ्या कानात, इकडे आम्ही निवांत.

मुंगी म्हणते, "आजी, एवढं नको. बाबांना वाटेल आपण आळ घेतोय."

मी म्हटलं, "लिहितेस तू. मी नुसती बोलतेय."

तर तिच्या म्हणण्याप्रमाणे विचारते. काहीतरी घोटाळा झाला असेल. तू शिकलेला आहेस, तुला उलगडेल. दोन दिवसांची रजा काढ, ये, त्या बाईंसमोर बसून सांग की यातलं काही पोरीचं नाही. चष्मेवाले मार्च संपेपर्यंत थांबणार आहेत.

आणखी काही, असं मुंगी विचारतेय. मी म्हटलं, वेळेवर जेवत जा म्हणून लिही. पेन हललेलं दिसलं नाही मला. लिहिलंही असेल.

तुझी आई


२ मार्च

अरे गड्या,

आज लिहिणारा वेगळा आहे, दचकू नकोस. आपल्या खालचा इस्त्रीवाला. मुंगी कामावर आहे आणि तिला हे कळू द्यायचं नाहीये. इस्त्रीवाला म्हणतो, "आजी, माझ्या ओळी सरळ येतील, शुद्धलेखनाचं बोलू नका." मी कशाला बोलतेय. दोन चहांवर सौदा झालाय.

परवा तुझा फोन आला, कुणाच्या तरी नंबरवरून. आवाज ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. "आई, मी बघतो," म्हणालास. काय बघतोस ते म्हणाला नाहीस. मी मोटारसायकलचं काढलं, तर तू विचारलंस, "मुंगीनं कुणाकुणाला सांगितलंय?" मोटारसायकल कुणी घेतली, पोरीचे कागद कुणाच्या हाती लागले, असलं एक अक्षर नाही. कुणाकुणाला सांगितलंय. मी फोन ठेवला.

त्यानंतर वसुलीची माणसं थेट चष्म्याच्या दुकानात आली. दोघं होते, इस्त्रीचे शर्ट घालून. (इस्त्रीवाला म्हणतो, माझ्याकडचे नव्हेत.) त्यातल्या एकानं आधी स्वतःचा चष्मा काढून मुंगीपुढे धरला, म्हणाला, दांडी सैल झालीय बघा. तिनं स्क्रू आवळून दिला. पैसे घेतले नाहीत, एवढ्याशा कामाचे ती कुणाकडूनच घेत नाही. त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला, नीट बसलाय का बघितलं, आणि दुकानभर ऐकू जाईल असा म्हणाला, "मॅडम, मोटारसायकल कुठं लपवलीय?" पुतण्या आरशासमोरच होता. त्यानं आरशातून बघितलं म्हणे.

बँकेतली बाई सांगते, दोन वाटा आहेत. एक तर सगळं फेडा, तरी डाग पुढं बरीच वर्षं राहील आणि नवं कर्ज मिळणार नाही. नाहीतर पोलिसांत लिहून द्या की माझ्या नावानं दुसऱ्यानं उचल केली. मग ते शोधणार दुसरा कोण. मुंगी म्हणते, माझ्या बापाचं नाव मी माझ्या तोंडानं घेणार नाही. सारखी तेवढंच म्हणते. भाजी चिरताना म्हणते, मी काही विचारलेलं नसताना म्हणते.

तिची आई गेली तेव्हा तू वेण्या घालायला शिकलास. एक वेणी कानाच्या वर यायची, एक मानेवर. शाळेत पोरी हसायच्या. मी म्हटलं, ये इकडे, मी घालते, तर म्हणायची, नको, बाबांनी घातलीय. ती पोर तुझं नाव घेईल असं तुला वाटतं का? वाटत नसणार. त्याच भरवशावर बसलायस असं माझ्या मनात येतं, आणि मग मला जेवण जात नाही.

तुझं झेरॉक्सचं दुकान बुडत होतं तर मला सांगायचं होतंस. मी काय केलं असतं? काहीच नाही. पण दोघांनी मिळून काही केलं नसतं.

तिसरी वाट तूच आहेस. ये, आणि तुझ्या हातानं लिहून दे. पोरीला तोंड उघडायला लावू नकोस.

इस्त्रीवाल्याचा हात भरून आलाय. शर्टाची एवढी लांबी नसते म्हणतो.

आई


१४ मार्च, शनिवार

पुन्हा इस्त्रीवाल्याकडूनच. नीट वाच, मध्ये सोडू नकोस.

मुंगीनं पोलिसांत तक्रार दिली. चष्मेवाल्यांनीच तिला हाताला धरून नेलं. पण नाव दिलं नाही तिनं. तक्रार आहे अज्ञात इसमाविरुद्ध. मी तुझं बारसं थाटात केलं होतं, आता तू अज्ञात इसम.

मोटारसायकलचं कर्ज देणारी कंपनी आधी फोन करून खात्री करते, हे तुला सांगायला नको. ते बोलणं ते साठवून ठेवतात, हे मात्र तुला ठाऊक नसावं. चौकीतल्या साहेबांनी ते मागवलं आणि मुंगीला ऐकवलं. बाईचा आवाज. ती बाई मुंगीचं नाव सांगते, जन्मतारीख सांगते, हो हो, मोटारसायकल मलाच हवीय म्हणते. साहेब मुंगीला म्हणाले, "मॅडम, ही तुम्हीच आहात. कर्ज उचलायचं आणि मग बोंब मारायची, असे आम्ही पुष्कळ बघतो. खोटी तक्रार हासुद्धा गुन्हा आहे."

घरी येऊन तिनं घासलेली भांडी पुन्हा घासली. मग म्हणाली, "आजी, बाबांनी कुणीतरी बाई गाठली असेल."

मग साहेबांनी मला बोलावलं. घरातली मोठी म्हणून. मुंगीला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आवाज लावला.

पहिल्याच शब्दाला मी ओळखलं. आत्या. तुझी आत्या, माझी नणंद, मुंगी जन्मायच्या आधी गेलेली. नाकातून बोलणं, शेवटचा शब्द ओढणं, मध्येच "म्हणजे बघा" म्हणून दम घेणं. तू डोक्यावर टॉवेल घेऊन तिची नक्कल करायचास आणि ती स्वतः पोट धरून हसायची, म्हणायची, वहिनी, या कार्ट्याला आवरा, मी मेल्यावरही हा मला बोलायला लावेल. तिथं खुर्चीत बसून मला क्षणभर हसूच आलं. मेलेली बाई मोटारसायकल मागतेय, तीही हप्त्यांवर.

मग पलीकडची मुलगी विचारते, आईचं नाव सांगा. तिथं आवाज थांबला. आणि मग तू मुंगीच्या आईचं नाव घेतलंस. ते आत्याच्या आवाजात नव्हतं. तेवढा एक शब्द तुझा होता, तू दारातून हाक मारायचास तसा. पुढं "हो ना, म्हणजे बघा" म्हणून परत आत्या. साहेबांना काही कळलं नाही. मुंगीनं आईचं नाव ऐकताना मान खाली घातली होती म्हणे, तिलाही नसावं कळलं. या जगात हे ओळखणारी मी एकटी उरलेय.

साहेबांनी विचारलं, "आजी, आवाज ओळखीचा वाटतो?"

मी म्हटलं, "साहेब, कान गेलेत माझे. तुमचं मशीन खरखरतंय."

ते म्हणाले, गुरुवारी या, कानाला लावायचं चांगलं यंत्र मागवून ठेवतो. माणूस वाईट नाही, मला पाणी दिलं. बाहेर मुंगीनं विचारलं, काय झालं, मी म्हटलं, काही नीट लागलं नाही.

इस्त्रीवाला थांबलाय. "आजी, हे लिहायला लावू नका. पोरीला कळलं तर?" म्हणतो. मी म्हटलं, तुला मी इस्त्री कशी फिरवायची ते शिकवते का? पण त्याचा चेहरा उतरलाय. चहालाही हात लावला नाही.

तर गुरुवार. त्याच्या आत ये. स्वतःच्या पायांनी आलास, स्वतःच्या तोंडानं सांगितलंस, तर साहेब थोडं नरम घेतील, पोरगी सुटेल, आणि मला ते यंत्र कानाला लावावं लागणार नाही. एवढीच सवड मी काढू शकले. नाही आलास तर मी बोलणार आहे. तू मला ओळखतोस. मी बोलायला लागले की थांबत नाही.

हे कुरियरनं पाठवतेय, म्हणजे वेळेत मिळेल.

आई


३० मार्च

आज लिहायला मुंगी बसलीय.

गुरुवारी मी दुपारपर्यंत पोलीस चौकीच्या पायरीवर बसून रस्त्याकडे बघत होते. मुंगी म्हणाली, "आजी, आत चल, ऊन लागेल." मी म्हटलं, लागू दे. मग आत गेले. त्यांनी माझ्या कानांवर ते दोन गोळे चढवले. साहेबांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, हा माझा मुलगा आहे.

साहेब म्हणाले, "आजी, बाईचा आवाज आहे हा."

मी म्हटलं, "आईचं नाव विचारतात ना, तिथं लावा."

लावलं. पुन्हा लावलं. मग त्यांनी आपल्या हाताखालच्याला बोलावून त्याच्या कानाला लावलं. त्यानं ऐकलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही, टेबलावरचे कागद सारखे करत राहिला. माझं म्हणणं लिहून घेतलं, वाचून दाखवलं, अंगठा घेतला. आरोपीशी नातं काय, असं विचारायची त्यांची पद्धत आहे. सांगितलं. मुंगी शेजारीच होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "पाय दुखले असतील तुझे." आणि मला धरून चालली.

मला वाटलं, सुटली पोरगी.

मग साहेबांची माणसं गोदामावर पोचली. तू मंगळवारीच गेलेला. गेटवरच्यानं सांगितलं, कुरियर आलं, यानं ते उभ्यानं वाचलं, राहिलेला पगार मागितला आणि अंथरूण गुंडाळून चालू लागला. साहेबांनी लगेच मुंगीला बोलावलं. म्हणाले, गुरुवारचं तुम्हा घरच्यांनाच माहीत होतं. बापाला सावध कुणी केलं? आजीला पुढं करायचं, मागून बापाला पळवायचं, म्हणजे आवाज बापाचा ठरला तरी पैसा दोघांचा. ती नाही नाही म्हणत राहिली. पुरावा काय, असं विचारलं. नाही म्हणण्याला कसला पुरावा असतो?

तर तक्रार तिथंच अडलीय. पोलिसांचा कागद येत नाही तोवर बँकेतली बाई नोंद बदलत नाही. पडदा लालच. चष्मेवाले थांबायचं तेवढं थांबले. आज त्यांनी मुंगीच्या देखत किल्ल्या पुतण्याला दिल्या. देताना रडले म्हणे, मोतीबिंदूचं पाणी म्हणून पुसलं. पुतण्यानं मुंगीला कामावर ठेवलंय. काचा तिच्याशिवाय घासणार कोण? फक्त म्हणाला, उद्यापासून गल्ल्याकडे येत जाऊ नका, तुम्ही आत मागे बसा. वसुलीवाले आले तर समोरच्या गिऱ्हाइकाला बरं दिसत नाही.

हे सगळं मुंगीनं न थांबता लिहिलं. दुसऱ्या कुणाचं असावं तसं. आता पुढचं तिला माहीत नाही. मुंगे, लिही.

तुला सावध मी केलं. चौदा तारखेला, इस्त्रीवाल्याकडून, कुरियरनं. पहिल्या दिवशीच मी आवाज ओळखला होता. साहेबांना खोटं सांगितलं की कान गेलेत. गुरुवारच्या आत ये, असं मी तुला कळवलं आणि तू गुरुवारच्या आत गेलास.

पेन थांबलंय.

"पहिल्या दिवशी?" ती विचारते.

"हो."

"मी बाहेर बाकावर होते. तू येऊन म्हणालीस, नीट लागलं नाही."

"हो."

"आठवडाभर मी विचार करत होते की ती बाई कोण. तू माझ्यासमोर बसून जेवत होतीस."

"जेवण जात नव्हतं. पण बसले होते. हेही लिही."

उठून आत गेली. नळ बराच वेळ चालू होता. मला उठवेना. मग आली, बसली, पेन उचललं आणि "पुढे?" म्हणाली. बँकेतल्या बाईचा आवाज मी ऐकलेला नाही, पण तो असाच असणार.

मी म्हटलं, "मला वाटलं तो येईल."

ती म्हणाली, "हे लिहायचंय की मला सांगतेस?"

दोन्ही, म्हटलं.

तर गड्या, हे पत्र तुला येत नाहीये. तुझा पत्ता आता कुणाकडे नाही. साहेबांनी बजावलंय, मुलाला काही लिहाल तर आधी आमच्या टेबलावर. म्हणून उद्या आम्ही ते घेऊन जाणार आहोत, इस्त्रीवालाही येतोय, मागचं पत्र मीच लिहिलं म्हणून सांगायला. दुकान बंद ठेवणार आहे बिचारा. तेव्हा इथून पुढचं तुम्ही ऐका, साहेब. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं. तिनं बापाचं नाव घेतलं नाही, आणि बापाला निरोपही धाडला नाही. दोन्ही मी केलं. मुलगा मला वाचवायचा होता आणि नातही, मला वाटलं होतं दोन्ही जमेल. मला आत टाकायचं असेल तर टाका. माझ्या नावावर कर्ज कुणी देत नाही, त्यामुळे माझी पत बिघडायची भीती नाही. पण हिचा कागद सोडा. दुकान गेलं ते गेलं. निदान पडद्यावरचं नाव तरी धुऊन द्या. साहेब, ती सबंध दिवस मागच्या खोलीत बसून लोकांना दिसावं म्हणून काचा घासते.

आणि तू. कधीतरी सापडशील. तेव्हा कुणीतरी तुझ्यासमोर बसून हे तुला वाचून दाखवेल. गल्लीभर लोकांना तू कागद वाचून दाखवायचास, ते तुझ्या तोंडाकडे बघत बसायचे, तू सांगशील ते खरं म्हणून. तसा बस आणि ऐक. वाचून झालं की ते विचारतील, हे अक्षर कुणाचं. माझ्या मुलीचं, म्हणून सांग. तुझ्या आवाजात सांग. एवढं तरी तिचं तिच्या नावावर लाव.

हे शेवटचं तिनं लिहिलं की नाही, मला कळायला मार्ग नाही. वाचून दाखव म्हटलं, तर शाईचा पॅड माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "आजी, अंगठा."